मागच्या काचेवरचे अप्पा

३ मार्च, सोमवार

अप्पांबद्दल डॉक्टरनं आज स्पष्टच सांगितलं. रात्र निघणं अवघड आहे, कोणाला बोलवायचं असेल तर बोलवून घ्या. मी, माझी बायको श्रीदेवी आणि गावाकडून, मैंदर्गीहून आलेली अप्पांची बहीण चन्नम्माअक्का आयसीयूच्या दारात उभे होतो. अक्कानं तिथंच फरशीवर बसकण मारली. श्रीदेवी तिला धरून बसली. मी कोणाला धरणार? बायका रडायला लागल्या की मला तिथं थांबवत नाही. बायकोला म्हटलं दुकानावर चक्कर मारून येतो.

सोलापुरात जुन्या पुणे नाक्याला दुकान टाकून अजून वर्ष झालेलं नाही. गाड्यांवरची नावं, पट्टे, स्टिकर आणि काचेला लावायचा तो बारीक भोकांचा जाळीचा कागद, ज्याला सगळे वन-वे म्हणतात. बाहेरून चित्र दिसतं, आत बसलेल्याला आरपार रस्ता दिसतो. अप्पांनी याला कधी धंदा मानलंच नाही. त्यांनी जन्मभर मैंदर्गी-अक्कलकोट-सोलापूर वडापची जीप मारली, त्या रस्त्यावर त्यांना न ओळखणारा माणूस सापडायचा नाही. पोरगा काय करतो असं कोणी विचारलं की चारचौघांत सांगायचे, "गाड्यास्नी टिकल्या लावतो." सगळे हसायचे, मीही हसायचो. दुसरं काय करणार.

दुकानात ताबीश होता, माझा कारागीर. माझ्याच वयाचा, हात चांगला, तोंड जास्त. त्याला म्हटलं अप्पांचा फेट्यातला फोटो घे, आपल्या व्हॅनची मागची काच पूर्ण करायची. उद्या त्यांना मैंदर्गीला याच गाडीतून न्यायचं आहे. पोराचं दुकान स्टिकरचं आणि बाप कोऱ्या काचेच्या गाडीतून गेला, तर लोक तोंडात शेण घालतील. ताबीश म्हणाला, "भैया, अब्बी हैं ना वो. बाद में करिंगे." म्हटलं, बाद में मला कोण वेळ देणार आहे बे?

फेटा, कपाळाला विभूती, खाली 'लिं. ईरप्पा सिद्धाप्पा कोरे'. आमच्या लिंगायतांत गेलेल्या माणसाच्या नावाआधी लिं. लावतात, लिंगैक्य झाला म्हणून. ते अक्षर मी स्वतः मोठं केलं. तारीख उद्याची टाकली. बाजूच्या काचांनाही रुद्राक्षाची नक्षी केली. काच पुसून कोरडी ठक्क केली, कारण या कागदाला पाणी चालत नाही, भोकांत जाऊन बसतं. मी वरून ताणून धरलं, ताबीशनं रबराची पट्टी मारत खाली आणलं. कुठं एक बुडबुडा नाही. चार पावलं मागं जाऊन बघितलं आणि डोळ्यांत पाणीच आलं. काम लईच देखणं झालं होतं.

४ मार्च, मंगळवार

सकाळी डॉक्टर म्हणाले, आता काही तासच. म्हणून मी स्टेटसला व्हॅनचा फोटो टाकला, खाली लिहिलं, 'अप्पा, पोरकं करून गेलात.' दुपारी अप्पांनी डोळे उघडले आणि श्रीदेवीकडं पाणी मागितलं. "नीर" म्हणाले, चक्क कानडीत.

डॉक्टर चमत्कार म्हणतात. म्हणायला त्यांचं काय जातं. काल रात्र निघणार नाही म्हणणारे हेच.

आनंद झाला. झालाच की, बाप आहे. पण फोन खाली ठेवता येईना. मैंदर्गीहून टेम्पो भरून माणसं निघाली होती, अक्कानं त्यांना वाटेतूनच परत धाडलं. मला म्हणाली, "एक दिस दम न्हाय का रं तुला? ते काढ आधी काचंवरचं." मी म्हटलं काढतो की. दुकानाच्या बाजूचे लोक मात्र दिवसभर शटरसमोर येऊन हात जोडून गेले. त्यांना काय सांगत बसू? अप्पांचा रस्ता अक्कलकोटचा, माझं दुकान पुण्याच्या रस्त्याला. त्यांना इकडं ओळखतं कोण?

१२ मार्च, बुधवार

अप्पांना घरी आणलं. उजवा हात-पाय गेला, जीभ अर्धी गेली. डॉक्टर म्हणतात डोकं साफ आहे, सगळं कळतं त्यांना.

दुसरी गाडी कशाला करायची म्हणून व्हॅनच नेली होती. चूक झाली ती. चाकाची खुर्ची ढकलत वॉर्डबॉय बाहेर आला, त्यानं काचेला हात जोडले, मग काच बघितली, मग खुर्चीत बघितलं. त्याला हसू आवरेना. मलाही थोडं आलं, खोटं कशाला सांगू. अप्पा मात्र लई वेळ बघत होते. स्वतःचं नाव, लिं., तारीख, सगळं वाचलं त्यांनी. मग डावा हात काचेकडं केला आणि म्हणाले, "तगी." काढ म्हणे. घरी येईस्तोवर तेच. तगी, तगी. श्रीदेवीनं त्यांचा हात धरून ठेवला होता.

आज दमलो होतो. उद्या काढू.

१६ मार्च, रविवार

बरं झालं काढलं नाही.

मोहोळचे भीमाशंकरशेठ आले होते, ट्रॅव्हल्सवाले. बसच्या पट्ट्यांचा भाव विचारायला आले आणि व्हॅनसमोर येऊन उभेच राहिले. चपला काढल्या, हात जोडले. त्यांचे वडील गेल्या वर्षी गेले. विचारलं, "कधी गेले तुमचे?" मी काय सांगणार? तारीख समोर लिहिलेली आहे. म्हटलं, चार तारखेला. त्यांनी माझ्या खांद्यावर हात ठेवला. म्हणाले, "बापासाटी एवढं करणारं पोरगं आमी बघितलं न्हाय. आमच्या समद्या गाड्यांवर आमचे आबा बसवायचे, आन् तुमीच बसवायचे."

मला रडू आलं, खरोखरचं. शेठसुद्धा डोळे पुसत होते. आम्ही दोघं व्हॅनला टेकून बराच वेळ तसेच उभे होतो. रस्त्यावरची माणसं बघत होती आणि मला त्याची लाज वाटली नाही.

मी खोटं बोललेलो नाही. तारीख वाचून दाखवली, बस. अप्पांनी जिवंतपणी माझ्याकडं एक गिऱ्हाईक पाठवलं नाही. काचेवर बसले आणि रांग लावली.

२२ मार्च, शनिवार

श्रीदेवीशी वाजलं. ती म्हणते सगळं नका काढू, निदान ते लिं. आणि तारीख तेवढी कटरनं कापून घ्या, अप्पांना झोप लागत नाही. तिला समजावलं, जाळीचा कागद मधून कापला की कडा सुटतात, उन्हात आखडतात, ठिगळ लांबून दिसतं. भीमाशंकरशेठ दर दोन दिवसांनी येतात, त्यांच्या नजरेतून सुटेल का? ती म्हणाली, "मग त्यांना खरं सांगा. चांगला माणूस आहे, उलट खूश होईल." काय खूश होईल? ज्याच्या खांद्यावर हात ठेवून रडला त्याचा बाप घरात पेज पितोय हे कळल्यावर कोण खूश होतं? मला काय म्हणेल तो? मोहोळपासून टेंभुर्णीपर्यंत सगळ्या गाडीवाल्यांना सांगेल.

बाईला धंदा कळत नाही म्हणून राग आला असता तर गोष्ट वेगळी. हिला सगळं कळतं, त्याचाच राग येतो.

आतल्या खोलीतून अप्पांचा आवाज येत होता. "ना इन्न सत्तिल्ल." मी अजून मेलो नाही म्हणे. तुम्ही मेलात असं कोण म्हणतंय अप्पा, असं म्हणून मी दार लोटून घेतलं.

३० मार्च, रविवार, पाडवा

आजच्या दिवशी दुकानासमोर गाड्या लावायला जागा नव्हती. कोणाची आई, कोणाचा भाऊ, एकाचा तर बैल. सगळ्यांना व्हॅनसारखंच पाहिजे. ताबीश दिवसभर तोंड पाडून काम करत होता. सणाचं जेवणही नको म्हणाला.

५ एप्रिल, शनिवार

श्रीदेवीची रजा संपली, टॉवेलच्या कारखान्यात परत जायला लागली. अप्पांना दिवसभर घरी एकटं कसं ठेवायचं? मीच म्हटलं, मी नेतो दुकानात. बायकोला वाटतं मला माया नाही. बघ म्हणावं.

पण दुकान समोरून सगळं काचेचं, येणारा-जाणारा बघतो. म्हणून व्हॅनमध्ये मागचं सीट आडवं करून गादी घातली, बॅटरीचा पंखा लावला, सावलीत उभी केली, दाराला थोडी फट ठेवली. मागच्या काचेला तोंड करून बसवलं. आतून त्यांना सगळा रस्ता दिसतो, बाहेरून त्यांना कोणी बघत नाही. टाइमपास होतो. घरात भिंतीकडं बघत पडण्यापेक्षा हे किती चांगलं.

दुपारी एक बाई दोन लेकरांना घेऊन थांबली, लेकरांना म्हणाली नमस्कार करा आजोबांना. ताबीश दाराच्या फटीतून अप्पांना पाणी पाजत होता. पळत माझ्याकडं आला. "भैया, वो अंदर से हाथ उठा रैं." म्हटलं मग काय झालं, नमस्कार घ्यायची सवयच आहे त्यांना, स्टँडवर सगळा रस्ता त्यांना नमस्कार करायचा. मला हसू आलं. ताबीशला आलं नाही. त्याला कशातच गंमत कळत नाही.

९ एप्रिल, बुधवार

आज ताबीशला मारायचाच राहिलो.

मी एका बसचं माप घ्यायला टेंभुर्णीला गेलो होतो. आलो तर ह्यानं हीट गननं काच गरम करून खालचा सगळा पट्टा सोलून काढलेला. लिं. नाही, नाव नाही, तारीख नाही. त्या मोकळ्या काचेतून अप्पांची मान आणि हनुवटी बाहेर दिसत होती. वर फोटोचा फेटा आणि डोळे, खाली खरी दाढी. भीमाशंकरशेठचा मॅनेजर समोरच्या टपरीवर चहा पीत होता. देव पावला, त्याची पाठ होती.

ताबीश म्हणतो, "वो बोले मेरेकू. तगी बोले." म्हटलं, तुझा पगार तगी देतो का मी देतो? तुझा बाप आहे का तो? त्यावर तो जे म्हणाला ते इथं लिहीत नाही. गेला नाही मात्र. त्याच्या बायकोचे दिवस भरत आलेत, कुठं जाणार?

पट्टा नवीन छापला आणि मीच लावला. अप्पा आतून बघत होते. मी पट्टी मारत निघालो तसे ते माझ्या हातासमोर आतून हात टेकवत होते, जिथं मी, तिथं ते. मला वाटलं मदतच करताहेत. पट्टा बसत गेला तसे दिसेनासे झाले. कडा मी डबल गरम करून दाबल्या. आता कोणाच्या बापानं काढायचं म्हटलं तर नखांची सालटं निघतील.

१८ एप्रिल, शुक्रवार

अप्पांनी दोन दिवस तोंड मिटून घेतलंय. घास पुढं केला की मान फिरवतात. हट्ट, दुसरं काय. अक्का येऊन गेली. म्हणाली, "त्येला गावाला जायाचं हाय. बसवजयंतीला देवळापुढं बसायचं म्हंतोय, लोकास्नी दिसायचं हाय त्येला. मी घेऊन जाते." मी म्हटलं तुझ्या घरात संडास घराबाहेर, ह्यांना रात्री कोण नेणार? पण मग श्रीदेवी उभी राहिली. म्हणाली, तुम्ही ते काढा आणि त्यांना स्वतः गावाला न्या, नाहीतर मी ह्यांना घेऊन माहेरी जाते, परत येणार नाही.

मी कायमचं ठेवतो असं कधी म्हटलं होतं? भीमाशंकरशेठची पहिली बस अक्षयतृतीयेला रस्त्यावर येते, ती तीस तारीख, बसवजयंतीही त्याच दिवशी. सकाळी शेठ आपल्या आईला घेऊन दुकानात येणार, आधी आमच्या व्हॅनची पूजा करायची आणि मग बसची, असं म्हातारीच्या मनात आहे. तेवढं झालं की माझा हात मोकळा. मी अप्पांसमोर बसलो, त्यांचा डावा हात हातात घेतला आणि शब्द दिला. तीस तारखेला दुपारी काच साफ करतो, संध्याकाळी तुम्ही मैंदर्गीच्या देवळापुढं.

त्यांनी माझ्याकडं बघितलं. मग श्रीदेवीनं भाकरी कुस्करून दिली ती सगळी खाल्ली. बघा, गोड बोललं की कसं होतं.

२६ एप्रिल, शनिवार

ऊन काय पडलंय. दुपारी रस्त्यावर डांबर चपलेला चिकटतं. कागद काचेला लावायचा तर सकाळी लवकर, नंतर हातातच लोळागोळा होतो. पंखा गरम हवा फेकतो म्हणून आता अप्पांसाठी गाडी चालू ठेवून एसी लावतो. एवढं कोण करतं?

अप्पांनी न्हाव्याला बोलवायला लावलं. दाढी करून घेतली, पांढरा सदरा धुऊन ठेवायला सांगितला. श्रीदेवी म्हणते रोज बोटं मोजतात, किती दिवस राहिले विचारतात. लहान पोरासारखं झालंय त्यांचं.

३० एप्रिल, बुधवार

सकाळी सकाळीच लिहितोय. श्रीदेवी काल भावाकडं मोहोळला गेली, वहिनीचं डोहाळजेवण आहे. जाताना दारातून दोनदा परत आली आणि विचारलं, "उद्या काढणार ना नक्की?" शब्द म्हणजे शब्द, म्हटलं. अक्काला फोन केला, संध्याकाळपर्यंत पोचतो. देवळापुढं खुर्ची टाकून ठेवते म्हणाली.

अप्पांना पांढरा सदरा घातला, विभूती लावली. आज स्वतःहून माझ्या गळ्यात हात टाकला उचलताना. एकदम हलके झालेत. मला कसंतरीच झालं. आजच्या दिवसाचंच राहिलंय अप्पा, म्हटलं.

१ मे, गुरुवार

जसं झालं तसं लिहितो, म्हणजे पुढं कोणी मला बोट लावायला नको.

काल सकाळी भीमाशंकरशेठ दहा-पंधरा माणसं घेऊन आले. अप्पा आत होते, एसी चालू, काचा बंद. आवाज करतील म्हणून दारही पूर्ण लावलं होतं, पण एसी होता की. शेठच्या आईनं काचेला हार घातला, कापूर लावला. मग म्हणाल्या, "गाडी चालू का हाय? देवमाणसाच्या तोंडाला धूर." सगळे माझ्याकडं बघायला लागले. काय सांगणार होतो? बंद केली. पाच मिनिटांचा प्रश्न होता. किल्ली सवयीनं खिशात गेली.

आरती लांबली. म्हातारीला सगळ्या कडव्यांची हौस. मध्येच ती म्हणाली, "हलतोय बाई फोटू. डोळं कसं जित्तं हायत बघ." काच हलत होती खरी, मला वाटलं हायवेनं ट्रक गेला. शेठ म्हणाले, "कामच तसं केलंय कोऱ्यांनी." सगळ्यांनी मान डोलावली. माझा ऊर भरून आला, हे लपवत नाही. आत कुठंतरी धपधप झालं असेल तर ते टाळ्यांत ऐकू आलं नाही.

मग शेठनी मला हाताला धरून स्वतःच्या गाडीत बसवलं. बस मोहोळला, फीत तुमच्याच हातानं कापायची. मी म्हटलं मागून येतो, माझी गाडी आहे. "ती अप्पांची गाडी हितंच राहू द्या, आज तिला हार हाय." कसं नाही म्हणणार? वाटलं, जाऊन लगेच येऊ.

फीत कापली. फोटो झाले. ताबीश तिथं बसवर शेवटचा हात मारत होता. पंगतीत माझ्या शेजारी येऊन वाकला आणि म्हणाला, "अप्पा किधर हैं?" तेव्हा आठवलं. नाही, आठवत होतंच. पण ताटात पुरणपोळी वाढलेली, शेठ स्वतः तूप वाढत होते, समोर त्यांची आई. उठून कसं जायचं? म्हटलं, घरी आहेत, झोपलेत. ताबीश तसाच बाहेर गेला. मी एक पोळी खाल्ली, दुसरी आग्रहाची खाल्ली. त्यात फार वेळ गेला नाही.

दुकानावर आलो तेव्हा व्हॅनवरची सावली कधीच सरकली होती. दाराच्या दांडीला हात लावला तर चटका बसला. काचेवरचा हार वाळून गेला होता. अप्पा मागच्या काचेला तोंड लावून बसलेले होते. सदरा अंगाला चिकटलेला. डावा हात काचेवर. आतून सगळी काच हाताच्या पंज्यांनी भरलेली होती, खालपासून वरपर्यंत, आणि त्यातून रस्ता स्वच्छ दिसत होता. समोरच्या टपरीवर माणसं चहा पीत होती.

मी हाक मारली. बऱ्याच वेळा मारली. पाणी आणलं, ओठ उघडेनात.

दवाखान्यात तेच डॉक्टर होते. कुठं होते हे, विचारलं. म्हटलं, गावाला निघालो होतो, वाटेत झालं. आधीचा पेशंट, वय झालेलं. त्यांनी लिहून दिलं.

गाडी बंद करा असं मला सांगितलं गेलं. मी माझ्या मनानं बंद केली नाही. हे श्रीदेवीला सांगितलं तर ती ऐकायलासुद्धा थांबली नाही. ताबीशनं तिला मोहोळातच पंगतीतलं सगळं सांगितलं होतं.

२ मे, शुक्रवार

काल सकाळीच अक्का गावातला टेम्पो घेऊन आली. अप्पांना व्हॅनमध्ये ठेवू दिलं नाही. मी म्हटलं, त्यांच्यासाठीच तयार केली होती गाडी. श्रीदेवी आणि ती टेम्पोत बसून गेल्या, मी मागून व्हॅन घेऊन गेलो. वाटेत वळसंगला, अक्कलकोटला लोक काचेला हात जोडत होते, हॉर्न मारून बाजूला होत होते. टेम्पोला कोणी बघितलं नाही.

मैंदर्गीत देवळापुढं खुर्ची अजून तशीच होती. त्याच खुर्चीत अप्पांना बसवलं, आमच्यात बसवूनच नेतात. सगळा गाव जमला होता. मी खांदा द्यायला पुढं झालो तर अक्कानं हात आडवा घातला. मोठ्यानं बोलली नाही. "तू मागं हो महेश्वर. तुजं अप्पा चार मार्चलाच गेल्यात. हे आमचं हायत." कोणी तिला गप्प बस म्हटलं नाही. मठाच्या स्वामींनीसुद्धा खाली बघितलं. मी माणसांच्या मागं चालत गेलो, माती टाकायलाही हात पोचला नाही. पोराला असं करतात का?

श्रीदेवी तिथंच राहिली. कधी येणार विचारलं तर घरात निघून गेली.

३ मे, शनिवार

आमच्यात सुतक पाळत नाहीत. दुकान उघडलं. ताबीश आला नाही, फोनही उचलत नाही. त्याच्या जागी माणूस बघायला पाहिजे.

आता लिं. काढ असं कोणी म्हणणार नाही. नाव बरोबर, फोटो बरोबर, फक्त तारीख चुकलेली आहे. ती बदलायची तर सगळ्यांनी चार मार्च वाचलेलं आहे. तशीच ठेवली. आतली काच पुसायला बसलो. खालचे पंजे निघाले, वरचे निघेनात, तेलकट होते. साबण लावला. पुसता पुसता एकाएकी बसलोच खाली, गाडीतच, आणि ऊर फुटेल असं झालं. कोणाला फोन करावा म्हणून नावं बघत होतो. अक्का नाही, श्रीदेवी नाही. इकडच्यांना काय म्हणून करणार?

तेवढ्यात भीमाशंकरशेठचाच आला. दुसरी बस तयार आहे, सोमवारी या, आबांचा फोटो आधीपेक्षा मोठा घ्या. हो म्हटलं. म्हणाले, "आवाज का असा येतोय?" एवढ्या मायेनं विचारलं, वाटलं सांगून टाकावं, शेठ, परवा बापाला माती दिली. पण त्यांच्यापुढं माझं रडून झालेलं आहे.

म्हटलं, काही नाही, थोडं ऊन लागलंय.